ब्रिटनमधलं टीव्ही लायसन्स कुणाला लागतं, आणि स्मार्ट टीव्हीला पर्याय काय

ब्रिटनमध्ये नव्या घरात राहायला गेलं की थोड्याच दिवसांत एक पत्र येतं. पाकिटावर नाव नसतं. ‘द लीगल ऑक्युपायर’, म्हणजे या घरात कायदेशीरपणे राहणारी व्यक्ती, एवढंच लिहिलेलं असतं. आतला मजकूर कडक असतो: या पत्त्यावर टीव्ही लायसन्स (टीव्ही पाहण्यासाठी दरवर्षी फी भरून घ्यायचा परवाना) नाही, चौकशी होऊ शकते, दंड होऊ शकतो. भारतातून नुकताच आलेला विद्यार्थी किंवा नोकरदार ते वाचून धास्तावतो. मग ओळखीतले लोक सल्ले देतात. कुणी म्हणतं, टीव्ही काढून टाक. कुणी म्हणतं, स्मार्ट टीव्हीला लायसन्स लागतच नाही. कुणी म्हणतं, मोबाइलवर पाहिलं तर चालतं. हे तिन्ही सल्ले चुकीच्या पायावर उभे आहेत.

दुसरीकडे स्मार्ट टीव्हीबद्दलची शंका वाढते आहे. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या अॅटर्नी जनरलने सॅमसंग, एलजी, सोनी, हायसेन्स आणि टीसीएल या पाच कंपन्यांवर खटले भरले. घरातले लोक काय पाहतात याची नोंद त्यांचे टीव्ही योग्य संमती न घेता ठेवतात, असा आरोप आहे. त्यामुळे ‘साधा टीव्ही आता कुठे मिळतो’ हा प्रश्न बरेच जण विचारू लागले आहेत.

हे दोन प्रश्न बोलण्यात एकत्र येतात, पण त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. फी भरावी लागेल की नाही, हे तुम्ही काय पाहता यावर ठरतं. तुमची माहिती बाहेर जाते की नाही, हे तुम्ही कशावर पाहता यावर ठरतं. एवढं वेगळं ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

लायसन्स कशाचं?

घरात गाडी आहे म्हणून कुणी ड्रायव्हिंग लायसन्स मागत नाही. चाकामागे बसून रस्त्यावर निघालात की ते लागतं. टीव्ही लायसन्सही तसंच आहे. टीव्हीचा डबा घरात असणं हा गुन्हा नाही. त्यावर नुसते व्हिडिओ गेम खेळलात, डीव्हीडी पाहिल्या, नेटफ्लिक्सवरचे सिनेमे पाहिले, तर लायसन्सची गरज नाही.

गरज दोन गोष्टींसाठी आहे. पहिली, कुठल्याही वाहिनीवरचा कार्यक्रम तो दाखवला जात असतानाच, म्हणजे थेट, पाहणं किंवा रेकॉर्ड करणं. दुसरी, बीबीसी आयप्लेअर हे अॅप वापरणं, मग कार्यक्रम चालू असो की गेल्या महिन्यातला असो. आयप्लेअरवर जुने कार्यक्रम विनालायसन्स पाहायची सोय होती, ती १ सप्टेंबर २०१६ पासून बंद झाली. वेल्श भाषेतल्या एसफोरसी वाहिनीचे जुने कार्यक्रम आयप्लेअरवर पाहायला मात्र लायसन्स लागत नाही.

कायदा २००३ चा कम्युनिकेशन्स अॅक्ट. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात फी १७४.५० पौंड होती; महिन्याला साधारण साडेचौदा पौंड. वसुली ‘टीव्ही लायसन्सिंग’ या नावाने होते. हे वेगळं सरकारी खातं नाही. बीबीसीने हे काम कंत्राटदार कंपन्यांना दिलेलं आहे आणि त्या सगळ्या याच नावाने पत्रं पाठवतात. जमणारा पैसा मुख्यतः बीबीसीला जातो. बीबीसीच्या घरगुती वाहिन्यांवर जाहिराती नसतात, त्याचं कारण ही फी.

भारतातल्या ज्येष्ठांना ही कल्पना नवी नाही. आपल्याकडेही रेडिओ आणि टीव्हीसाठी पोस्टात जाऊन दरवर्षी परवाना फी भरावी लागे. १९८० च्या दशकात ती रद्द झाली. ब्रिटनने १ फेब्रुवारी १९७१ पासून फक्त रेडिओचा परवाना काढून टाकला, टीव्हीचा ठेवला. म्हणून आज बीबीसीचा रेडिओ आणि बीबीसी साउंड्स अॅप ऐकायला काहीही भरावं लागत नाही.

‘थेट’ म्हणजे नेमकं काय?

सगळी अडचण या एका शब्दापाशी येते, म्हणून इथे जरा थांबू.

थेट म्हणजे फक्त क्रिकेटचा सामना किंवा पंतप्रधानांचं भाषण नव्हे. वाहिनीवर रात्री नऊला एखादी मालिका लागते. ती सहा महिन्यांपूर्वी चित्रित झाली असली, तरी नऊ वाजता ती वाहिनीवर चालू असताना तुम्ही पाहिली, तर कायद्याच्या दृष्टीने ते थेट पाहणं आहे. एक तास उशिराने तेच दाखवणाऱ्या ‘प्लस वन’ वाहिन्याही यातच येतात. थेट कार्यक्रम मध्येच थांबवून दहा मिनिटांनी पुढे पाहिला, तरी सुटका नाही.

हीच मालिका दुसऱ्या दिवशी आयटीव्हीएक्स किंवा चॅनल फोरच्या अॅपवर यादीतून निवडून पाहिली, तर लायसन्स लागत नाही. याला ऑन डिमांड म्हणतात: वेळ वाहिनी ठरवत नाही, तुम्ही ठरवता. अॅप तेच, कार्यक्रम तोच, पण ‘लाइव्ह’ या बटणावर गेलात तर लायसन्स हवं आणि यादीत गेलात तर नको. बीबीसी आयप्लेअर या नियमाला अपवाद, तिथे दोन्हीसाठी हवं.

उपकरणाने काहीच फरक पडत नाही. टीव्ही, लॅपटॉप, टॅबलेट, मोबाइल, गेम खेळायचं यंत्र, सगळं सारखंच. आणि नेटफ्लिक्सला लायसन्स लागत नाही हे ऑन डिमांड सिनेमांपुरतं खरं आहे. नेटफ्लिक्स किंवा अॅमेझॉन प्राइमने एखादा सामना थेट दाखवला, तर तो पाहायला लायसन्स लागतं.

मराठी घरांत चूक कुठे होते?

आपल्याकडच्या अनेकांचा समज असतो की लायसन्स ब्रिटिश वाहिन्यांसाठी आहे. ‘आम्ही बीबीसी बघतच नाही, आम्ही आपलं मराठी बघतो.’ नियम कुठल्याही देशातल्या वाहिनीला लागू आहे. ती डिशवरून आली काय किंवा इंटरनेटवरून आली काय, वाहिनी चालू असताना पाहिली की लायसन्स लागतं.

सर्वांत जास्त लोक अडकू शकतात ते यूट्यूबवर. मराठी वृत्तवाहिन्या तिथे चोवीस तास थेट चालू असतात. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, मुंबईत पाऊस तुंबला की, किंवा अनंत चतुर्दशीची मिरवणूक पाहायला आपण सहज ते लावतो. तेही वाहिनीचं थेट प्रक्षेपणच आहे. त्याच वाहिनीने नंतर टाकलेली पाच मिनिटांची चित्रफीत पाहिली तर प्रश्न नाही. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरातून केलेलं लाइव्ह किंवा भावाच्या लग्नाचं थेट प्रक्षेपण हे टीव्ही वाहिनीचा भाग नसल्याने सर्वसाधारणपणे या नियमात येत नाही.

आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, त्यांचा वेळ जावा म्हणून मराठी वाहिन्यांचा बंदोबस्त केला जातो. संध्याकाळी ठरलेल्या वेळी मालिका लावून बसायची त्यांची वर्षानुवर्षांची सवय असते. ती मालिका अॅपवर भाग निवडून पाहिली तर लायसन्स नको, वाहिनी लावून पाहिली तर हवं. त्यांना अॅपमधून भाग कसा काढायचा हे एकदा शांतपणे शिकवलं, तर बऱ्याच घरांचा प्रश्न तिथेच सुटेल. मात्र ‘एकदाच पैसे भरा, हजारो वाहिन्या मिळवा’ असं सांगून विकले जाणारे खोके घेऊ नयेत. त्यांतल्या बऱ्याच वाहिन्या चोरून दाखवलेल्या असतात, आणि तो लायसन्सपेक्षा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा आहे.

क्रिकेटचं उत्तर सरळ आहे. सामना थेट पाहायचा असेल तर लायसन्स घ्यावं लागेल, आणि दाखवणाऱ्या सेवेची वर्गणी वेगळी. सामना संपल्यावर क्षणचित्रांवर भागत असेल तर नाही.

विद्यार्थी आणि एकत्र राहणारे

लायसन्स माणसाला नसतं, पत्त्याला असतं. एका घरात चार टीव्ही असले तरी एकच लायसन्स पुरतं. चार मित्रांनी मिळून घर घेतलं असेल आणि भाडेकरार सगळ्यांचा एकत्र असेल, तर सहसा एकात भागतं. प्रत्येकाचा खोलीपुरता वेगळा करार असेल, तर थेट पाहणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं लागतं. विद्यापीठाच्या वसतिगृहातली खोलीही तशीच वेगळी धरतात.

विद्यार्थ्यांना एक सवलत आहे: चार्जरला न जोडलेल्या, बॅटरीवरच्या उपकरणावर पाहिलं तर आईवडिलांच्या घरचं लायसन्स चालतं. पण ते घर ब्रिटनमध्ये हवं. नाशिक किंवा साताऱ्याहून आलेल्या मुलाला तिचा उपयोग नाही.

लायसन्स नको असेल तर काय करायचं?

टीव्ही लायसन्सिंगच्या संकेतस्थळावर ‘आम्हाला लायसन्सची गरज नाही’ असं कळवता येतं. असं कळवणं कायद्याने सक्तीचं नाही, पण कळवल्यावर पत्रं सहसा दोन वर्षांपर्यंत थांबतात. त्यानंतर पुन्हा कळवावं लागतं. मला हा मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो, कारण त्यात लपवाछपवी नाही आणि दर महिन्याच्या पत्राने होणारी धाकधूकही नाही.

कळवल्यानंतरही खात्री करायला कुणी दाराशी येऊ शकतं. त्या माणसाला तुमच्या परवानगीशिवाय आत येण्याचा अधिकार नाही. नम्रपणे नकार देऊन दार लावता येतं. न्यायालयाकडून झडतीचं वॉरंट आणलं असेल तर मात्र अडवता येत नाही. नव्याने आलेल्यांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण दारातल्या ओळखपत्रधारी माणसाला आपण पोलिस समजतो आणि घाबरून विचारलेल्या, न विचारलेल्या सगळ्याच गोष्टी सांगून बसतो.

या नावाने फसवे ईमेलही येतात: ‘तुमचं पेमेंट अडकलंय, इथे दाबा.’ त्यातला दुवा उघडू नका. स्वतः अधिकृत संकेतस्थळ टाइप करून तिथे पाहा.

‘कुणाला कळणार आहे?’

हा प्रश्न प्रत्येक गप्पांत येतो. लायसन्स नसताना थेट पाहणं हा फौजदारी गुन्हा आहे. दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो आणि न्यायालयाचा खर्च त्याच्यावर. या गुन्ह्यासाठी थेट तुरुंगवास नाही, पण न्यायालयाने ठोठावलेला दंडच भरला नाही तर तिथपर्यंत जाऊ शकतं. ब्रिटनच्या व्हिसाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जांत गुन्हेगारी शिक्षांबद्दल विचारतात. एवढी फी वाचवण्यासाठी असा प्रश्न स्वतःच्या कागदपत्रांत आणणं मला अजिबात पटत नाही. थेट पाहत असाल तर फी भरा. नसाल तर भरू नका, आणि तसं कळवा.

‘बीबीसी बघत नाही, तर तिला पैसे का?’

हा आक्षेप रास्त आहे आणि ब्रिटनमध्ये तो राजकीय वाद झाला आहे. फक्त स्काय स्पोर्ट्सवर सामना पाहणाऱ्याने बीबीसीला पैसे द्यायचे, हे अनेकांना अन्यायाचं वाटतं. श्रीमंताला आणि गरिबाला फी सारखीच, हा मला त्याहून मोठा दोष वाटतो. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ती माफ आहे, पण पेन्शन क्रेडिट ही गरिबांसाठीची मदत मिळत असेल तरच. अंध व्यक्तींना निम्मी सूट मिळते.

दुसरी बाजूही आहे. जाहिरातदार आणि सरकार या दोघांपासून अंतर ठेवणारं प्रसारण कुणाच्या तरी पैशावर चालतं. बीबीसी रेडिओ, मुलांचे कार्यक्रम, स्थानिक बातम्या याच पैशातून येतात. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा मोठा खर्चही याच फीमधून होतो, आणि २०१७ मध्ये सुरू झालेली बीबीसी मराठी ही तिचीच भाषासेवा आहे. म्हणजे पुण्यात किंवा परभणीत ती वाचणारा माणूस काहीच न भरता ब्रिटिश घरांच्या पैशावरची पत्रकारिता वाचत असतो.

आता स्मार्ट टीव्हीकडे

स्मार्ट टीव्ही म्हणजे पडदा आणि त्याला कायमचा जोडलेला, इंटरनेटवर असलेला संगणक. त्यातल्या एका तंत्राचं नाव एसीआर, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते आपोआप ओळखणं. टीव्ही ठरावीक काळाने पडद्यावरच्या चित्राचा किंवा आवाजाचा छोटा ठसा घेतो, कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो आणि तिथल्या साठ्याशी ताडून कार्यक्रम ओळखला जातो. त्यावरून घराची आवड ठरते आणि जाहिराती विकल्या जातात. पडदा स्वस्त मिळतो त्याचं एक कारण हे आहे.

ही कल्पित भीती नाही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने २०१७ मध्ये अशाच प्रकरणात २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. एक कोटीहून जास्त टीव्हींचा प्रश्न होता. २०२४ मध्ये लंडनच्या यूसीएलसह तीन विद्यापीठांच्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही तपासले. टीव्हीला केबलने लॅपटॉप जोडून त्याचा नुसता पडदा म्हणून वापर केला, तरी एसीआर चालू राहत असल्याचं त्यांना दिसलं. दिलासा एवढाच की सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून घेतल्यावर ही पाठवापाठवी थांबली.

दुसरा तोटा रोजच्या वापरातला. पडदा दहा-बारा वर्षं चांगला चालतो. त्यातलं सॉफ्टवेअर त्याआधीच म्हातारं होतं. अॅप नवी आवृत्ती मागतं, कंपनी ती देत नाही, आणि चांगला टीव्ही निकामी वाटायला लागतो.

पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय घरातच आहे: स्मार्ट टीव्हीला वाय-फायचा पासवर्डच देऊ नका. आधी दिला असेल तर फॅक्टरी रीसेट करा आणि सुरुवातीला विचारलेल्या अटी वाचून नको त्या नाकारा. मग तो साधा पडदा होतो. त्याला जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडा. यूट्यूब, मालिका, सिनेमे सगळं त्यावर चालतं. ब्राउजरमध्ये काही सेवा पूर्ण स्पष्टतेचं चित्र देत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या. ज्येष्ठांना माउस घेऊन बसणं जड जातं, हीसुद्धा खरी अडचण आहे.

रिमोटची सोय हवी असेल तर छोटी स्ट्रीमिंग कांडी किंवा डबी लावता येते. त्याने सॉफ्टवेअर जुनं झाल्यावर फक्त ती बदलावी लागते, टीव्ही नाही. पण माहिती गोळा करणं संपत नाही. टीव्ही कंपनीऐवजी डबीवाल्या कंपनीकडे जातं. तिच्याही सेटिंग बघाव्या लागतात.

खोली लहान असेल तर संगणकाचा मॉनिटर उत्तम. विद्यार्थ्याला अभ्यासालाही तोच उपयोगी पडतो. बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतो किंवा कामचलाऊ असतो, तेवढा वेगळा घ्यावा. दुकानांत माहितीफलकांसाठी लावतात तसले पडदेही मिळतात. ते जास्त तास चालायला बनवलेले असतात, पण महाग पडतात आणि घरासाठी मला गरजेचे वाटत नाहीत. प्रोजेक्टर अंधाऱ्या खोलीत सुरेख, दिवसा फिका. शिवाय अनेक प्रोजेक्टर आता स्वतःच ‘स्मार्ट’ झाले आहेत, तेव्हा खोक्यावरचं वाचून घ्या.

आणि अँटेना विसरू नका. छतावरच्या अँटेनावरून मिळणारी फ्रीव्ह्यू ही सेवा इंटरनेटशिवाय चालते. तुम्ही काय पाहता हे अँटेना कुणाला सांगू शकत नाही. त्यासाठी लायसन्स मात्र हवं, कारण ते थेट पाहणंच आहे. एप्रिल २०२४ मध्ये आलेली फ्रीली सेवा त्याच वाहिन्या इंटरनेटवरून देते. तिलाही लायसन्स लागतं.

यातला कुठलाही पर्याय फी वाचवण्यासाठी म्हणून घेऊ नका. मॉनिटरवर थेट वाहिनी पाहिली तरी लायसन्स लागणारच.

जर्मनीत असाल तर

हे सगळे बारकावे तिथे चालत नाहीत. २०१३ पासून जर्मनीत दर घरामागे प्रसारण शुल्क आहे, टीव्ही असो वा नसो. २०२१ मध्ये ते महिन्याला १८.३६ युरो झालं. ‘माझ्याकडे टीव्ही नाही’ असं उत्तर तिथे उपयोगाचं नाही. एकत्र राहणाऱ्यांपैकी एकाने भरलं की बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा, अशी सोय आहे. फ्रान्सने २०२२ मध्ये अशी फी रद्दच केली.

पुढे काय होईल?

बीबीसीला काम करण्याचा अधिकार देणारी सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. त्यानंतर पैसा कसा उभा करायचा यावर ब्रिटनमध्ये चर्चा चालू आहे. सुधारलेली फी, जाहिराती, वर्गणी असे मार्ग मांडले जात आहेत. तोपर्यंत वरचे नियम लागू आहेत.

परत भारतात जाणाऱ्यांसाठी, किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली सोडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, एक काम. लायसन्स घेतलं असेल तर निघताना ते रद्द करा. न वापरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागता येतात. डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँक खात्यातून आपोआप पैसे जाण्याच्या सोयीने भरत असाल, तर आधी लायसन्स रद्द झाल्याची खात्री करा आणि मगच बँकेतलं खातं बंद करा.